रॅटमध्ये सेप्सिस करून व्हिटॅमिन सी तपासायचंय, पण नक्की काय तपासायचंय?

प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. सेप्सिस म्हणजे जंतुसंसर्गाला शरीराचा प्रतिसाद हाताबाहेर जाऊन अवयव निकामी व्हायला लागणं. एम.फार्म.चं दुसरं वर्ष, विषय फार्माकॉलॉजी, हातात सात महिने. गाइडनी सांगितलंय की विस्टार जातीच्या रॅटला पोटात एलपीएस (बॅक्टेरियापासून काढलेलं विष) टोचा, त्याच्या अर्धा तास आधी व्हिटॅमिन सी द्या, सहा-सहाचे चार ग्रुप करा, २४ तासांनी रक्त काढा आणि लिव्हर-किडनीच्या स्लाइड बनवा. विचारलंय की डोस किती घेऊ आणि "रिझल्ट पॉझिटिव्ह येईल ना सर, नाहीतर थिसिस अडकेल".

येईल हो, काळजी करू नका. या डिझाइनने रिझल्ट पॉझिटिव्ह न आणणंच अवघड आहे. माझा सगळा आक्षेप तिथेच आहे म्हणून जरा लांबण लावतोय, चहा घेऊन बसा. मी मूळचा व्हेटर्नरीवाला, नंतर फार्माकॉलॉजीत आलो, अ‍ॅनिमल हाऊसमध्ये वीसेक वर्षं गेली, त्यातली बरीचशी सेप्सिसवरच. तुमच्या कॉलेजात काय सोयी आहेत त्यावर पुष्कळ अवलंबून आहे, आयसोफ्लुरेनचं मशीन आहे का, उणे ८० चा फ्रीजर आहे का, रात्री अ‍ॅनिमल हाऊस उघडून देणारा माणूस आहे का. त्यामुळे खालच्या काही गोष्टी "जमलं तर" अशा वाचा. काही मात्र तशा नाहीत, त्या कुठल्या ते सांगेन.

आधी माणसांचं बघू. २०१७ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियातल्या नॉरफोकच्या पॉल मॅरिक यांच्या टीमचा पेपर चेस्ट जर्नलमध्ये आला. सेप्सिसच्या ४७ पेशंटना व्हिटॅमिन सी शिरेतून दीड ग्रॅम दर सहा तासांनी, सोबत हायड्रोकॉर्टिसोन आणि थायमिन, आणि कंट्रोल म्हणून त्याआधीच्या काळात त्याच आयसीयूत आलेले ४७ पेशंट. मृत्यू ४०.४ टक्क्यांवरून ८.५ टक्क्यांवर. जगभर खळबळ उडाली, स्वस्त औषध, मेडिकलात मिळणारं, कोणाला नको असेल? पण हा रँडम केलेला अभ्यास नव्हता, आधीचे आणि नंतरचे अशी तुलना होती. मग नीट रँडमाइज्ड ट्रायल सुरू झाल्या. २०१९ ची सिट्रिस-अली, १६७ पेशंट, जो मुख्य स्कोअर ठरवला होता त्यात फरक नाही, दुय्यम निकालांत मृत्यू मात्र कमी दिसले म्हणून आशा टिकली. २०२० ची व्हिटॅमिन्स ट्रायल, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ब्राझील मिळून २१६ पेशंट, काही फरक नाही. आणि २०२२ ची लोव्हिट, ८७२ पेशंट, व्हिटॅमिन सी दर किलोला ५० मिलिग्रॅम दर सहा तासांनी. त्यात २८ व्या दिवसापर्यंत मृत्यू किंवा अवयव निकामीच राहणं हे व्हिटॅमिन सीवाल्यांत ४४.५ टक्के आणि प्लासिबोवाल्यांत ३८.५ टक्के. म्हणजे फायदा तर सोडाच, उलटा निकाल.

आता तुम्ही म्हणाल की मग हा विषयच संपला. तसं मला वाटत नाही, पण प्रश्न बदलला. २०१० साली "व्हिटॅमिन सी सेप्सिसमध्ये उपयोगी आहे का" असं रॅटला विचारणं ठीक होतं. आज माणसांचं उत्तर समोर असताना परत तेच विचारून "हो, आयएल-६ (सूज दाखवणारं रक्तातलं प्रथिन) कमी झालं" असं लिहिलं तर व्हायव्हाला एक्स्टर्नलनी लोव्हिटचं नाव घेतलं की घोडं तिथेच पेंड खाणार. खरा प्रश्न असा आहे की उंदरा-रॅटमध्ये जे इतकं सुंदर दिसत होतं ते माणसात का दिसलं नाही, आणि तुमच्या प्रयोगात व्हिटॅमिनला नापास व्हायला जागा आहे का. जागा नसेल तर ती परीक्षा कसली.

एकेक करून बघू.

पहिलं म्हणजे एलपीएस. हे बॅक्टेरियाच्या भिंतीतलं विष आहे, बॅक्टेरिया नाही. टोचलं की काही तासांत सायटोकाइन (आयएल-६ सारखी सूज पेटवणारी प्रथिनं) आभाळाला भिडतात आणि तेवढ्याच वेगाने खाली येतात. खऱ्या सेप्सिसमध्ये कुठेतरी घाण साठलेली असते, जंतू वाढत असतात, शरीर दोन-चार दिवस झगडत असतं. शिवाय माणूस आणि रोडंट यांच्यात एलपीएस सोसण्याची ताकद फारच वेगळी. निरोगी स्वयंसेवकांना दर किलोला दोन ते चार नॅनोग्रॅम दिलं तरी थंडी वाजून ताप येतो, आणि रॅटला आपण मिलिग्रॅममध्ये देतो. नॅनो आणि मिलि यांच्यात दहा लाखांचा फरक आहे. २०१७ मध्ये व्हिएन्नात सेप्सिस मॉडेलवाल्या लोकांची बैठक झाली, त्यातून प्राण्यांवरच्या सेप्सिस प्रयोगांसाठी किमान दर्जाच्या शिफारशी निघाल्या आणि २०१८ ला छापून आल्या. त्यात सरळ म्हटलंय की माणसाचा सेप्सिस दाखवायला एलपीएस हे योग्य मॉडेल नाही. एलपीएस वाईट आहे असं नाही हं, सूज कशी सुरू होते हे बघायला उत्तम आहे. फक्त थिसिसच्या शीर्षकात "सेप्सिस" लिहू नका, "एन्डोटॉक्सिमिया" लिहा, म्हणजे रक्तात हे विष असणं.

दुसरं, वेळ. अर्धा तास आधी. कुठल्या पेशंटला सेप्सिस होण्याच्या अर्धा तास आधी सलाईन लावतात? पेशंट येतो तो दोन दिवस घरी ताप अंगावर काढून, आधी गावातल्या डॉक्टरकडे इंजेक्शन घेऊन, मग बीपी पडल्यावर. आधी दिलेलं अँटिऑक्सिडंट पुढे येणारा भडका थोपवतं, हे जवळपास कुठल्याही अँटिऑक्सिडंटचं होतं, हळदीचा अर्क द्या, ग्रीन टी द्या, माझ्याकडे एका विद्यार्थ्याने जांभळाच्या बियांनीसुद्धा करून दाखवलं होतं. त्याच विद्यार्थ्याला मी म्हटलं की आता हेच चार तास उशिरा देऊन बघ. फरक गेला. बिचारा आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हता.

तिसरं, आणि व्हिटॅमिन सीच्या बाबतीत हे सगळ्यात महत्त्वाचं. रॅट स्वतःचं व्हिटॅमिन सी स्वतः बनवतो. लिव्हरमध्ये गुलोनोलॅक्टोन ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं, ग्लुकोजपासून सुरू झालेल्या साखळीतली शेवटची पायरी ते करतं. माणसात त्याचा जीन मोडका आहे, माकडांत आणि गिनी पिगमध्येही बंद आहे. १९०७ मध्ये होल्स्ट आणि फ्रोलिच या नॉर्वेच्या जोडीला गिनी पिगमध्ये स्कर्व्ही सापडला तो म्हणूनच, रॅट घेतले असते तर काहीच दिसलं नसतं. आता सेप्सिसच्या पेशंटमध्ये व्हिटॅमिन सी खूप खाली गेलेलं असतं हे खरं आहे आणि सगळी थिअरी त्यावरच उभी आहे, की कमी झालंय ते भरून काढू. पण तुमच्या रॅटचा नळ चालूच आहे! मग तुम्ही तूट भरून काढताय की आधीच भरलेल्या टाकीत आणखी ओतताय? ही दोन वेगळी औषधं समजा. पहिलं व्हिटॅमिन, दुसरं ड्रग.

तूट भरण्याचा प्रश्न असेल तर ज्याला बनवता येत नाही असा प्राणी हवा. गुलो जीन (त्याच एन्झाइमचा) काढलेले उंदीर आहेत, त्यांना पाण्यातून व्हिटॅमिन सी द्यावं लागतं, पाणी साधं केलं की तूट तयार. जपानमधून आलेला ओडीएस नावाचा विस्टारचाच म्यूटंट रॅट आहे. पण हे सात महिन्यांत मागवून, ब्रीड करून, प्रयोग करून होईल असं मला वाटत नाही. गिनी पिग मिळतील, पण त्यात एक फास आहे, सेप्सिसला अँटिबायोटिक द्यावंच लागतं आणि पेनिसिलिन, क्लिंडामायसिन वगैरे गिनी पिगला दिलं की त्यांच्या आतड्यातले चांगले जंतू मरून क्लॉस्ट्रिडियम माजतं आणि प्राणी त्यानेच मरतो. व्हेटर्नरीला असताना एका मुलीचा पाळलेला गिनी पिग असाच माझ्या हाताने गेलेला आहे, जखमेला म्हणून दिलं होतं. तेव्हा नवशिक्याने गिनी पिगमध्ये सेप्सिस करू नये.

ड्रग म्हणून बघायचं असेल तर रॅट चालतो. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या फ्लोरी इन्स्टिट्यूटच्या लोकांनी मेंढ्यांवर असंच केलं, पेपर २०२१ चा. मेंढीसुद्धा स्वतःचं व्हिटॅमिन सी बनवते. त्यांनी जिवंत ई. कोलाय शिरेतून सोडत ठेवले, जवळपास एक दिवस उलटल्यावर, बीपी पडल्यावर, किडनी बिघडल्यावर मग सोडियम अ‍ॅस्कॉर्बेट सुरू केलं. दर किलोला अर्धा ग्रॅम अर्ध्या तासात आणि मग तेवढंच दर तासाला साडेसहा तास, म्हणजे एकूण ३.७५ ग्रॅम दर किलोला. बीपी सुधारलं, लघवी सुधारली, ताप उतरला. मेंढ्या मोजक्याच होत्या, पण बघा, उपचार उशिरा, प्राणी जागा, जंतू खरे. पटो न पटो, प्रयोगाची मांडणी प्रामाणिक आहे. लोव्हिटच्या डोसशी या डोसची तुलनाच नाही, म्हणून "लोव्हिट फेल म्हणजे मेगाडोसही फेल" असंही म्हणता येत नाही आणि "मेंढीत चाललं म्हणजे माणसात चालेल" असंही नाही.

एवढ्यावरून तुमच्या डोसच्या प्रश्नाकडे येतो. बऱ्याच रोडंट पेपरात दर किलोला २०० मिलिग्रॅम दिसेल आणि तुम्हीही तोच उचलणार होतात असा माझा अंदाज आहे. शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशोबाने रॅटचा डोस ६.२ ने भागला की माणसाचा येतो, म्हणजे साधारण ३२ मिलिग्रॅम दर किलो, साठ किलोच्या माणसाला दोन ग्रॅमच्या आत. एकदाच. उलट बाजूने लोव्हिटचा दिवसाचा २०० मिलिग्रॅम दर किलो रॅटमध्ये आणायचा तर १२४० होतो, चार डोसमध्ये वाटला तर प्रत्येकी ३१० च्या आसपास. हा हिशोब ढोबळ आहे, किडनीवाटे भराभर निघून जाणाऱ्या गोष्टीला तर फारच ढोबळ, त्यामुळे खरं उत्तर म्हणजे प्लाझ्मामधली लेव्हल मोजा. पण ती मोजण्यात एक खाच आहे. रक्त काढून तसंच ठेवलं तर व्हिटॅमिन सी ऑक्सिडाइज होऊन संपतं. लगेच थंडीत सेंट्रिफ्यूज करून प्लाझ्मामध्ये मेटाफॉस्फोरिक अ‍ॅसिड घालून उणे ८० ला ठेवावं लागतं आणि एचपीएलसीवर मोजावं लागतं. हे न करता "लेव्हल कमी आली" म्हणणारे थिसिस मी तपासलेत, ती लेव्हल रॅटमध्ये नाही तर टेबलावर कमी झालेली असते.

आता कंट्रोलबद्दल, कारण इथे हमखास गडबड होते आणि ही गोष्ट "जमलं तर" वाली नाही. अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिडचं द्रावण चांगलंच आंबट असतं, पीएच दोन-तीन, ते तसं पोटात टोचलं तर पेरिटोनियम (पोटाच्या आतलं अस्तर) भाजून निघतं. म्हणून सोडियम अ‍ॅस्कॉर्बेट घ्यायचं किंवा न्यूट्रल करायचं. पण मग सोडियम आलं. हिशोब करा, एक ग्रॅम सोडियम अ‍ॅस्कॉर्बेटमध्ये साधारण पाच मिलिमोल सोडियम. २५० ग्रॅमच्या रॅटला दोन ग्रॅम दर किलो द्यायचं म्हणजे ५०० मिलिग्रॅम, ते अडीच मिलित विरघळवलं तर द्रावण साध्या सलाईनच्या साडेसहा पट तीव्र झालं. हायपरटॉनिक सलाईन नुसतं दिलं तरी बीपी वर जातं, पाणी रक्तवाहिनीत ओढलं जातं. मग कंट्रोल ग्रुपला साधं सलाईन दिलं तर तुम्ही व्हिटॅमिन तपासलं की मीठ? कंट्रोलला तेवढंच सोडियम, तेवढाच व्हॉल्यूम, जवळपास तोच पीएच. कमी डोसला हा फरक छोटा असतो, मोठ्या डोसला तोच सगळा रिझल्ट असू शकतो.

आणि जिथे इन्फेक्शन पोटात आहे तिथे औषधही पोटातच टोचू नका. ते अँटिसेप्टिक वॉशसारखं वागेल, निदान पसरलेली घाण पातळ तरी करेल. कातडीखालून द्या, हात बसला असेल तर शेपटीच्या शिरेतून.

आता माझी एक फजिती सांगतो, ती तुमच्या थेट उपयोगाची आहे. एका बॅचमध्ये व्हिटॅमिन सीच्या ग्रुपचं क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते) मस्त खाली आलं. मी खूश, मी जिला गाइड करत होतो ती मुलगी खूश, किडनी वाचली म्हणून आम्ही अ‍ॅब्स्ट्रॅक्टसुद्धा लिहून टाकला. रात्री घरी एक्सेल बघताना दिसलं की ज्या रॅटना सेप्सिस केलाच नव्हता, नुसतं पोट उघडून शिवलं आणि व्हिटॅमिन सी दिलं होतं, त्यांचंही क्रिएटिनिन खाली गेलंय, नॉर्मलच्याही खाली. निरोगी किडनी आणखी काय वाचणार? मग डोक्यात ट्यूब पेटली. आमची किट एन्झाइमवाली होती, शेवटी पेरॉक्सिडेजने रंग येतो आणि त्या रंगावरून आकडा. व्हिटॅमिन सी तो रंगच खाऊन टाकतं. म्हणजे रक्तात व्हिटॅमिन सी जितकं जास्त तितकं क्रिएटिनिन खोटं कमी. युरिक अ‍ॅसिड, कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइडच्या अशा रंगवाल्या किटमध्येही तेच. आणि बोटाच्या ग्लुकोमीटरमध्ये उलटं होतं, बऱ्याच स्ट्रिपवर साखर खोटी जास्त दाखवते, हे आयसीयूतसुद्धा धोक्याचं आहे, कारण पेशंटची साखर खरंतर पडलेली असते आणि मीटर बघून वरून इन्सुलिन सुरू होतं. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट फाडला. तेव्हापासून नियम केला, नॉर्मल सिरममध्ये बाहेरून व्हिटॅमिन सी मिसळून आधी किट तपासायची, मग रॅटला हात लावायचा. एक दुपारचं काम आहे. आणि शेम ऑपरेशन (नुसतं पोट उघडून शिवणं) अधिक व्हिटॅमिन सी हा ग्रुप खर्च वाचवायला कधीही कापू नका, आम्हाला त्यानेच वाचवलं.

ग्लुकोजवरून आठवलं, झायलाझीन रॅटमध्ये साखर वाढवतं. केटामाइन-झायलाझीनवर ऑपरेशन करून लगेच साखर मोजणार असाल तर ती भुलीची साखर आहे, सेप्सिसची नाही.

बरं, मॉडेल कुठलं? माझं मत सीएलपी. सीकम म्हणजे रॅटचं ते पिशवीसारखं आंधळं आतडं, त्याचा टोकाचा भाग दोऱ्याने बांधायचा, सुईने भोक पाडायचं, थोडी विष्ठा बाहेर काढायची, परत आत ठेवून पोट शिवायचं. विचरमन, बाउ आणि चौधरी यांनी १९८० मध्ये मांडलेलं आहे, अपेंडिक्स फुटल्यासारखं होतं. किती लांबीवर बांधलं, सुई किती जाड, भोकं किती, यावर आजार सौम्य की जीवघेणा ठरतं. बांधताना लहान आणि मोठ्या आतड्याचा रस्ता मोकळा राहिला पाहिजे, नाहीतर रॅट सेप्सिसने नाही, आतडं अडकून मरतो. आणि हे हाताचं काम आहे, मशीनचं नाही. माझ्या पहिल्या सीरिजमध्ये मी सकाळी सगळे कंट्रोल उरकले आणि दुपारी सगळे उपचारवाले. दुपारपर्यंत माझा हात बसला होता, कट छोटा, वेळ कमी, रक्त कमी. उपचारवाले जास्त जगले. ते औषधाने नव्हे, माझ्या प्रॅक्टिसने जगले. म्हणून चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवा, आणि ऑपरेशन संपेपर्यंत हा रॅट कुठल्या ग्रुपचा हे ऑपरेशन करणाऱ्याला कळता कामा नये. एकाच पिंजऱ्यातले सगळे एकाच ग्रुपमध्ये टाकू नका, पिंजऱ्याचे जंतू सारखे असतात आणि सीएलपीमध्ये त्यांचेच जंतू त्यांना मारणार आहेत. व्हिटॅमिन सीचं द्रावण ठेवलं की पिवळं पडतं, म्हणून रोज ताजं करा आणि दोन्ही ग्रुपच्या सिरिंजला फॉइल गुंडाळा, नाहीतर ब्लाइंडिंग फक्त कागदावर राहतं.

सीएलपी केलं की अँटिबायोटिक, फ्लुइड आणि वेदनाशामक हे तिन्ही द्या, सगळ्या ग्रुपना. विद्यार्थी घाबरतात की मग सगळे रॅट जगतील आणि फरक दिसणार नाही. पण पेशंटला तर हे सगळं मिळतंच ना, व्हिटॅमिन त्याच्या वर काही भर घालतं का हाच तर प्रश्न आहे. अँटिबायोटिकशिवायच्या रॅटमध्ये जे औषध चालतं ते अँटिबायोटिक नसलेल्या दवाखान्यासाठी आहे असं समजा. ब्युप्रेनॉर्फिनने रिझल्ट बिघडतो असं सांगून वेदनाशामक टाळणारे अजून भेटतात, माझ्या मते दुखण्याचा ताणही रिझल्ट बिघडवतोच की, आणि तो मोजताही येत नाही.

सहाच्या ग्रुपबद्दल. समजा कंट्रोलमध्ये सहातले चार मेले आणि व्हिटॅमिनवाल्यांत सहातला एक. ऐकायला जबरदस्त वाटतं ना? फिशर टेस्ट लावा, पी व्हॅल्यू ०.२४ येते. म्हणजे नुसत्या योगायोगानेही असं घडू शकतं. मृत्यूचं प्रमाण ६० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर येतं हे धडपणे पकडायचं तर एकेका ग्रुपला चाळीसच्या पुढे प्राणी लागतात. एवढे कोणी देणार नाही आणि देऊही नयेत. म्हणून मृत्यू हा एंडपॉइंट धरू नका. लॅक्टेट, लघवीचं प्रमाण, पोटातले आणि रक्तातले जंतू मोजणं, दर काही तासांनी स्कोअरिंग असं काहीतरी आकड्यात मोजता येणारं घ्या, तिथे दहा-बारात काम होऊ शकतं, पण ते आधीच्या पायलटवरून हिशोब करून ठरवा, "सगळे सहा घेतात" म्हणून नको. मुख्य मोजमाप एकच ठरवा आणि ते प्रयोगाआधी लिहून ठेवा. पंधरा सायटोकाइन मोजून ज्यात फरक आला तेवढे छापणं हे मासे पकडून झाल्यावर गळ कुठे टाकला होता ते सांगण्यासारखं आहे.

मृत्यू न धरण्याचं दुसरं कारण साधं आहे, रॅट रात्री मरतात. सकाळी नऊला पिंजऱ्यात तीन कडक झालेले रॅट, कधी मेले माहीत नाही, टिश्यू सडलेली, आणि ते शेवटचे तास त्यांनी कसे काढले असतील ते वेगळंच. शरीराचं तापमान एका मर्यादेखाली गेलं, उलटं केल्यावर सरळ होता येत नसेल, की तिथे थांबवायचं, हे फॉर्म बी मध्ये (प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज) आकड्यासकट लिहा. आयएईसीमधले (कॉलेजची प्राणी-प्रयोग नीतिसमिती) सीसीएसईएचे (प्राणी-प्रयोगांवर देखरेख करणारी सरकारी समिती) नॉमिनी हे विचारतातच, आणि बरोबर विचारतात. तुमचं अप्रूव्हल एलपीएससाठी झालेलं असेल तर सीएलपीला ते चालणार नाही, अमेंडमेंट लागेल, कमिटीची पुढची मीटिंग कधी आहे ते उद्याच विचारा कारण सात महिन्यांतले दोन तिथेच जाऊ शकतात.

आतापर्यंतचं एकत्र करून, तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं: प्रश्न असा ठेवला असता की अँटिबायोटिक आणि फ्लुइड चालू असताना, सीएलपीनंतर सहा तासांनी सुरू केलेलं सोडियम अ‍ॅस्कॉर्बेट काही वेगळं करतं का. चार ग्रुप, शेम अधिक कंट्रोल द्रावण, शेम अधिक व्हिटॅमिन, सीएलपी अधिक कंट्रोल द्रावण, सीएलपी अधिक व्हिटॅमिन, चौघांनाही बाकी उपचार सारखे. नर-मादी दोन्ही, नुसते नर नकोत. आणि गाइड सीएलपीला तयारच नसतील, तसंही होतं, तर एलपीएसच ठेवा पण व्हिटॅमिन आधीच्या ऐवजी नंतर द्या, एक ग्रुप आधीचाही ठेवा, आणि दोन्हींची तुलना हाच थिसिस करा. "आधी दिलं तर चालतं, नंतर दिलं तर चालत नाही" हा निकाल आला तर तो निगेटिव्ह नाही, माणसांच्या ट्रायलला जोडणारा एक दुवा आहे, आणि यातलं काहीही आलं तरी तुमचं लिहिणं अडत नाही. गाइडना समजावताना मात्र "तुमचं डिझाइन चुकलंय" म्हणू नका, व्हिएन्नाच्या शिफारशींची प्रिंट न्या आणि "सर, रिव्ह्यूअर हे विचारतील का?" असं विचारा. वीस वर्षांचा अनुभव आहे, चालतं.

एक गोष्ट राहिली, कोणीतरी तुम्हाला म्हणेल की उंदराचा आणि माणसाचा काही संबंधच नाही, २०१३ चा पीएनएएसमधला पेपर वाच. हो, त्यात माणसाच्या आणि उंदराच्या सूजेतले जीन जुळत नाहीत असं आलं होतं. पण पुढे दोनेक वर्षांत त्याच जर्नलमध्ये जपानच्या दोघांनी तोच डेटा वेगळ्या पद्धतीने बघून चांगलं जुळतं असं लिहिलं. त्या वादात पडू नका, एक परिच्छेद लिहा आणि पुढे जा.

सीएलपीचं ठरलं तर आधी जिवंत रॅटवर हात टाकू नका. दुसऱ्या कोणाच्या प्रोजेक्टमधले संपवलेले रॅट अ‍ॅनिमल हाऊसवाल्या मामांना सांगून ठेवले की मिळतात, दहा-पंधरा कारकसवर बांधायची लांबी स्केलने मोजून सराव करा, प्रत्येक वेळी तेवढीच लांबी यायला लागली की मग पायलट. आणि मेटाफॉस्फोरिक अ‍ॅसिडची ऑर्डर याच आठवड्यात टाका, आमच्याकडे परचेसमधून ते यायला दोन महिने लागले होते आणि तोवरची सगळी सॅम्पल फुकट गेली.